रक्त आमचं, कागद कुणाचा?

दोस्तहो, इतिहासाकडं वळण्याआधी आमच्या गल्लीतल्या एका वैनीची गोष्ट सांगतो.

वैनी पहिलटकरीण. पाचव्या महिन्यात नाव घालायला एका सरकारी दवाखान्यात गेली. तिथं रक्त काढलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आणायला गेली तर खिडकीतल्या माणसानं अख्ख्या रांगेसमोर विचारलं, "नवरा कुठं कुठं जातो गं तुझा?" कागदावर इंग्रजीत दोन शब्द होते. व्हीडीआरएल, रिॲक्टिव्ह. वैनीला ते वाचता आले नाहीत. पण रांगेतल्या बायांना खिडकीवाल्याचा आवाज बरोबर ऐकू आला. वैनी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली. सासू म्हणाली, माझा पोरगा तसला नाही. नवरा म्हणाला, मी नाही म्हणजे तूच. पोटुशी बाई पिशवी उचलून माहेरी गेली.

मी तेव्हा कॉलेजात होतो. तो कागद घेऊन ओळखीच्या एका डॉक्टरकडं गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बाईला मलेरिया होऊन गेला का?" त्या पावसाळ्यात आमची अर्धी गल्ली मलेरियानं थडथडत होती, वैनीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, मलेरियात ही तपासणी खोटी बोलू शकते, दुसरी करून घ्या. दुसरी केली. टीपीएचए म्हणतात तिला. निगेटिव्ह आली. वैनीला गरमी नव्हतीच. कधीच नव्हती.

वैनी परत नांदायला आली. पण तो दुसरा कागद कुणी रांगेसमोर वाचून दाखवला नाही. पहिला दाखवला होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा किडा आहे. रक्त आपल्या अंगातलं, दंड आपला, सुई आपल्याला टोचते. मग त्या रक्तातून निघालेली बातमी कुणाच्या मालकीची? ती आधी कुणाला कळते, शेवटी कुणाला कळते, नि काहींना आयुष्यभर का कळत नाही? ह्या प्रश्नाचा माग काढत गेलो तर थेट अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या दारात जाऊन पोचलो. तिथं ह्या एकाच तपासणीच्या दोन गोष्टी सापडल्या. एक अभिमानानं छाती भरून यावी अशी. दुसरी वाचताना मूठ आवळावी अशी. दोन्ही आपल्याला ठाऊक पाहिजेत.

आधी आपल्या मातीतलं बघू. लॅब नव्हती तेव्हाही बायांची तपासणी होतीच. इंग्रजांच्या पलटणीत गरमी-परमा फार. सरकारनं १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. धंदा करणाऱ्या बायांनी पोलिसात नाव नोंदवायचं, ठरल्या दिवशी डॉक्टरपुढं अंग उघडं करायचं, रोग दिसला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडून घ्यायचं. कुलपाचा दवाखाना. आणि गोऱ्या सोल्जराचं काय? हा कायदा त्याच्या तब्येतीसाठी होता, पण त्याच्या अंगाला हात लावायला नव्हता. रोग दोघांचा, कुलूप एकटीला.

त्यातही त्या काळच्या डॉक्टरला रोगाचं मूळ माहीत नव्हतं. परम्याचा जंतू अल्बर्ट नायसर ह्या जर्मन डॉक्टरनं १८७९ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. गरमीचा जंतू शाउडिन नि हॉफमान यांना बर्लिनमध्ये सापडला तो थेट १९०५ साली. म्हणजे १८८८ साली कायदा रद्द होईपर्यंत बायांना कोंडलं ते नुसत्या डोळ्यांनी दिसलेल्या व्रणावरून, पांढऱ्या पाण्यावरून, नि कधी नुसत्या संशयावरून. विज्ञान यायचं होतं. हुकूम आधीच आला होता.

मग विज्ञान आलं. तेही धुतल्या तांदळाचं नव्हतं. ह्याच नायसरनं १८९२ साली गरमी झालेल्या रोग्यांच्या रक्ताचं पाणी, म्हणजे सीरम, काही पोरीबायांना न विचारता, न सांगता टोचलं. त्यात वेश्या होत्या. लस सापडते का ते त्याला बघायचं होतं. त्यातल्या काहींना पुढं गरमी झाली. नायसर म्हणाला, सुईनं नाही, त्यांच्या धंद्यानं झाली. बोंबाबोंब झाली. १९०० साली त्याला दंड झाला, नि प्रशियाच्या सरकारनं त्याच साली हुकूम काढला की माणसावर प्रयोग करायचा तर त्याला समजावून सांगून त्याची संमती घ्या. 'संमती' हा शब्द सरकारी कागदावर उतरला तो अशा बायांच्या अंगावरून गेला तेव्हा. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात शिकवलं जात नाही.

१९०६ साली ऑगस्ट फॉन वासरमान, हाच नायसर आणि कार्ल ब्रुक या तिघांनी गरमीसाठी रक्ताची तपासणी शोधली. वासरमान टेस्ट. जगभर गाजली. गरमी लबाड आहे. पहिला व्रण आपोआप बुजतो, अंगावरचे चट्टे जातात, माणसाला वाटतं बरा झालो. रोग मात्र आत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो नि पुढं काळीज, मोठी रक्तवाहिनी, मेंदू पोखरतो. गरोदर बाईकडून पोटातल्या लेकरालाही जातो. त्या दबलेल्या रोगाचा पत्ता पहिल्यांदा रक्तातून लागायला लागला, ही गोष्ट लहान नव्हती.

ती तपासणी चालायची कशी? मेंढीच्या लाल पेशी, सशाचं सीरम, गिनीपिगचं सीरम नि रोग्याचं सीरम असा सगळा मेळ नळीत जमवायचा. शेवटी मेंढीच्या पेशी फुटून विरघळल्या तर माणूस बिनरोगी. न फुटता तशाच तळाला बसल्या तर रोग असावा. फार किचकट काम. एक नळी चुकली की माणसाचा जन्म चुकला. सुरुवातीला ह्या कामाला गरमीनं पोटातच मेलेल्या अर्भकाचं यकृत लागायचं. लवकरच कळलं की त्याची गरज नाही, निरोगी बैलाच्या काळजाचा अर्कही चालतो. १९४१ साली मेरी पँगबॉर्न ह्या बाईनं बैलाच्या काळजातून नेमका तो पदार्थ वेगळा काढला. कार्डिओलिपिन. १९४६ साली निघालेली व्हीडीआरएल त्याच्यावरच उभी आहे. माझ्या वैनीचं रक्त तपासलं ते त्याच जातीच्या औषधावर.

दोस्तहो, क्षणभर थांबा इथं. मेलेलं ढोर ओढलं म्हणून ज्यांना गावानं विटाळ मानला त्यांचे आपण नातू. नि त्याच ढोराच्या काळजाच्या अर्कावर ह्या जगानं सावकाराचं, भटाचं, पाटलाचं, साहेबाचं सगळ्यांचं रक्त तपासलं. नळीत विटाळ झाला नाही.

ह्या तपासणीची मेख पण कळून घ्या. ती जंतू पकडत नाही. जंतूशी लढताना आपल्या रक्तात जे तयार होतं त्यातला एक भाग पकडते. तसलंच काही मलेरियात, महारोगात, सांध्यांच्या काही आजारांत नि कधी नुसत्या गरोदरपणातही तयार होतं. म्हणून ती खोटी बोलते. म्हणून तिच्यामागून दुसरी, जंतूशीच थेट नातं सांगणारी तपासणी करावी लागते. आता बघा, मलेरिया कुणाला जास्त? महारोग कुणाला? गटाराकाठी राहणाऱ्याला. म्हणजे खोटा ठपका बसायचा धोकाही गरिबालाच जास्त. हे यंत्राचं पाप नाही. एका कागदावर माणसाचा निकाल लावणाऱ्याचं आहे.

ही खोटी बोलणारी तपासणी खरी बोलती करायला ज्यांनी आयुष्य घातलं त्यांत एक काळा माणूस होता. विल्यम ऑगस्टस हिंटन. जन्म १८८३, शिकागो. आईबाप दोघंही गुलामीत जन्मलेले. पोरगा हार्वर्डपर्यंत पोचला, १९१२ साली डॉक्टर झाला. पण बोस्टनच्या कुठल्याही इस्पितळात काळ्या डॉक्टरला उमेदवारीची जागा मिळेना. गोऱ्या रोग्याच्या अंगाला काळा हात कसा लावणार? मग तो लॅबमध्ये शिरला. तिथं रोग्याचा हात नसतो, नुसती नळी असते. १९१५ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वासरमान लॅबचा तो प्रमुख झाला. त्याच काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आपला एक तरुण रात्रंदिवस पुस्तकं वाचत बसला होता. भीमराव रामजी आंबेडकर. दोघांची गाठ पडली नाही. पण एकाच देशात, एकाच काळात, दोन 'खालचे' एकच काम करत होते. ज्या ज्ञानाच्या दारात उभं राहू दिलं नाही त्याच्या मुळाशी जायचं.

हिंटननं बघितलं की वासरमान तपासणीत भलत्याच लोकांवर ठपका बसतो. नि ठपका बसला की वर्षभर पारा नि सोमलाची जहरी सुई टोचून घ्यायची. १९२७ साली त्यानं स्वतःची तपासणी काढली. हिंटन टेस्ट. बैलाच्या काळजाचा अर्क, कोलेस्टेरॉल, ग्लिसरीन. नळीत साका धरला की नुसत्या डोळ्याला दिसतं. सोपी, स्वस्त, नि खोटं कमी बोलणारी. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेनंही तिची वाखाणणी केली. हे सरकारी खातं लक्षात ठेवा. ते परत येणार आहे.

१९३१ साली हिंटननं बोस्टनमध्ये बायांना लॅबचं काम शिकवायचा वर्ग काढला. १९३६ साली गरमी नि तिच्या उपचारावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत काळ्या माणसानं लिहिलेलं वैद्यकाचं ते पहिलं पाठ्यपुस्तक मानतात. त्यात त्याचं म्हणणं असं की हा रोग रंगाचा नाही, गरिबीचा आहे. जिथं दवाखाना नाही, शिक्षण नाही, पैसा नाही, तिथं तो मुक्काम करतो. १९३८ साली काळ्या लोकांच्या संघटनेनं त्याला मानाचं पदक देऊ केलं, ते त्यानं घेतलं नाही. त्याची तपासणी वापरणाऱ्या कित्येक डॉक्टरांना ती काळ्या माणसाची आहे हे ठाऊक नव्हतं. कळलं तर तपासणीच टाकून देतील, ही धास्ती. हार्वर्डमध्ये तो १९१८ पासून शिकवत होता. प्राध्यापक केलं कधी? १९४९ साली. निवृत्तीला एक वर्ष उरलं तेव्हा. आपल्या नोकरदार दोस्तांना ह्यावर काही समजावून सांगायची गरज नाही.

ही झाली पहिली गोष्ट. आता दुसरी.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्य. तिथं मेकन परगणा. कापसाची रानं. गुलामी कायद्यानं संपून साठ-सत्तर वर्षं झालेली, पण काळी माणसं गोऱ्या जमीनदाराच्या रानात बटईनं राबतात नि उचल फेडता फेडता मरतात. आपल्या मराठवाड्यातल्या सालगड्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. डॉक्टर म्हणजे काय ते जन्मात न बघितलेली माणसं. १९३० च्या आसपास एका धर्मादाय निधीच्या पैशानं तिथं गरमीची पाहणी नि उपचार सुरू झाले. तपासलेल्यांत तीनातल्या एकाहून जास्त माणसांचं रक्त पॉझिटिव्ह निघालं. पण १९२९ च्या मंदीनं निधी आटला. उपचार बंद पडले.

मग सरकारी आरोग्य सेवेच्या साहेबांना एक कल्पना सुचली. हो, तेच खातं. उपचाराला पैसा नाही ना? मग उपचार न करता बघत बसू. नॉर्वेच्या ऑस्लो शहरात उपचार न झालेल्या गोऱ्यांची टिपणं होतीच. काळ्यांत रोग कसा चालतो ते बघू. गोऱ्याचा मेंदू जातो, काळ्याचं काळीज जातं, असं त्यांचं शास्त्र. काळ्याला मेंदू कमीच, हे त्यातलं न बोललेलं. हे शास्त्र आपल्याला नवं नाही. मुखातून कोण जन्मला नि पायातून कोण, ह्याच वळणाचं ते.

१९३२ साली सुरू झालं. नावच असं, 'निग्रो पुरुषातील उपचार न केलेल्या सिफिलिसचा टस्किगी अभ्यास'. ३९९ माणसं रोग असलेली, २०१ नसलेली. एकूण ६००. पुष्कळदा सांगतात की त्यांना रोग टोचला. तसं नाही, नि आपण खोटं सांगू नये. रोग त्यांना आधीच होता. गुन्हा असा की तपासणीनं साहेबाला तो कळला, नि माणसाला कळू दिला नाही. काय सांगितलं? "तुझं रक्त खराब आहे." बस. अशक्तपणा, थकवा, काहीही झालं तरी तिकडं हाच शब्द. आपल्याकडं म्हणतात ना, रक्त बिघडलंय, तसाच. सुरुवातीला पुरं पडणार नाही इतकं औषध, मग नुसत्या ॲस्पिरिनच्या गोळ्या नि लोहाचं टॉनिक. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचं होतं, तर पत्र धाडलं की फुकट खास उपचाराची ही शेवटची संधी आहे. माणसं आली. उपचार समजून पाठ वाकवून बसली.

बदल्यात काय? तपासणीच्या दिवशी गरम जेवण. मोटारीत बसवून नेणं-आणणं. नि मेल्यावर पुरण्यासाठी ५० डॉलर, अट एकच, प्रेत फाडून बघू द्यायचं. ज्याला जिवंतपणी कुणी विचारलं नाही त्याला मरणाचा खर्च मिळतो ही लालूच केवढी, ते ज्यानं वस्तीत वर्गणी काढून मयत उचललीय त्यालाच कळेल.

आता कडू भाग. हे गोऱ्यांनी एकट्यानं केलं नाही. टस्किगी संस्था काळ्यांची, बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली उभारलेली. तिचं इस्पितळ यात सामील होतं. काळे डॉक्टर सामील होते. माणसांना घरोघर जाऊन आणणारी नर्स युनिस रिव्हर्स काळी होती. माणसांचा तिच्यावर जीव, तिचाही त्यांच्यावर. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की निदान ह्यांना कुणीतरी विचारतंय. तिला राक्षस म्हणून आपण मोकळे होऊ नये. आपला माणूस खुर्चीत बसला म्हणजे न्याय झाला, असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट परत परत वाचावी. खुर्ची कुणाच्या हुकमावर चालते ते बघावं लागतं.

१९४३ साली पेनिसिलिननं गरमी बरी होते हे सिद्ध झालं. कुणी केलं? डॉक्टर जॉन महोनी, त्याच सरकारी आरोग्य सेवेचे. काही वर्षांत औषध देशभर मिळू लागलं. मेकनच्या माणसांना मात्र नाही. त्यांच्या नावांची यादी आसपासच्या डॉक्टरांकडं दिलेली होती. यादीतल्या माणसाला उपचार करू नका. लष्करभरतीच्या तपासणीत ज्यांचं रक्त पॉझिटिव्ह निघालं त्यांनाही उपचारातून वगळायला लावलं. हे युद्ध संपलं, दुसरं झालं, तिसरं झालं, तरी रक्त काढणं चालूच. ४० वर्षं. नि हे चोरून नव्हतं बरं का. पहिला अहवाल १९३६ साली वैद्यकाच्या मासिकात छापून आला. पुढं एकामागून एक येत राहिले. हजारो डॉक्टरांनी वाचले. कागद सगळ्या जगाला दाखवला. ज्याचं रक्त त्याला सोडून.

१९३६ साल पुन्हा बघा. त्याच साली हिंटन लिहितो की रोग गरिबीचा आहे. त्याच साली साहेब छापतात की काळ्यांचा रोग न्याहाळतोय. नि त्याच साली १६ जूनला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, मुरळी, जोगतिणी नि कामाठीपुऱ्यातल्या आपल्या बायांपुढं उभे राहतात. हे जिणं सोडा, गरिबीत राहा पण मानानं राहा, म्हणून सांगतात. सरकार ज्या बायांकडं रोगाचं घर म्हणून बघत आलं, त्यांना बाबासाहेबांनी सभेला बोलावलं नि माणूस म्हणून त्यांच्याशी बोलले. कडक बोलले. पण समोर बसवून बोलले. तपासणाऱ्यात नि बोलणाऱ्यात हा फरक असतो.

टस्किगीला वाचा फुटली ती एका साध्या नोकराच्या तोंडून. पीटर बक्स्टन. त्याच खात्यात सॅनफ्रान्सिस्कोला गुप्तरोगाच्या रोग्यांच्या मुलाखती घ्यायचं काम. १९६६ साली त्यानं वरिष्ठांना लेखी हरकत दिली. १९६८ साली परत. १९६९ साली साहेबांची समिती बसली नि ठरवलं, चालू ठेवा. शेवटी त्यानं कागद पत्रकारांना दिले. २५ जुलै १९७२ ला जीन हेलर ह्या बाईची बातमी छापून आली. रोग असलेल्यांपैकी तेव्हा ७४ जण जिवंत होते. कित्येक मातीत गेले होते, कित्येकांच्या बायकांना रोग गेला होता, पोरांना जन्मतः लागला होता. माणसांनी फ्रेड ग्रे ह्या काळ्या वकिलाला गाठलं. रोझा पार्क्सचा खटला चालवणारा हाच. १९७४ साली एक कोटी डॉलरवर तडजोड झाली. रोग असलेल्या जिवंत माणसाला ३७,५०० डॉलर. त्याच साली अमेरिकेत माणसांवरच्या संशोधनाचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटननं माफी मागितली ती १६ मे १९९७ ला. तोवर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच उरले होते.

१९७२. हे साल आपल्याला सांगायला नको. गोलपिठा त्याच साली आला. दलित पँथर त्याच साली मुंबईत उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचं. आपण त्यांची आवळलेली मूठ घेतली, त्यांची भाषा घेतली. पण त्या ब्लॅक पँथरांचं आणखी एक काम होतं, ते आपल्याकडं कमी सांगितलं जातं. ते वस्तीवस्तीत फुकट दवाखाने चालवत. १९७१ पासून त्यांनी सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराची तपासणी स्वतः हाती घेतली. सरकार काळ्यांच्या आजाराकडं बघत नाही ना, मग आम्ही बघतो. पोरं टेबल मांडून बसायची, बोटातून थेंबभर रक्त घ्यायची नि ज्याचं त्याला समजावून सांगायची. म्हणजे मेकनमध्ये सरकार काळ्यांचं रक्त काढून गप्प बसत होतं तेव्हा हे लोक रक्त काढून बोलत होते. आपल्या विदर्भात हाच सिकलसेल आपल्या नि आदिवासींच्या घराघरांत आहे. नाव आपण घेतलं. ते टेबल मात्र आपल्या वस्त्यांत फारसं मांडलं गेलं नाही. हे मी बोट दाखवून बोलत नाही. त्यात मीही आलो.

कुणी म्हणेल, ते अमेरिकेत. आपल्याकडं? गोव्याचं ऐका. १९८९ साली डॉमनिक डिसोझा ह्या तरुणाला पोलिसांनी बोलावून नेलं. गुन्हा काय? तो रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. त्याला कळायच्या आधी पोलिसाला कळलं. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात त्याला ६४ दिवस डांबून ठेवलं. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच केलेली होती. आई लुसी डिसोझा हायकोर्टात गेल्या. पोरगा घरी आला, पण ती तरतूद कोर्टानं योग्यच ठरवली. डॉमनिकनं पुढं अशाच माणसांसाठी संघटना काढली. १९९२ साली तो गेला. लॉक हॉस्पिटलचा कायदा १८८८ ला मेला म्हणतात. एकशे एक वर्षांनी तो गोव्यात उठून बसला होता.

आता कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून, संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही. निकाल तिसऱ्याला सांगता येत नाही. हा कायदा भीक म्हणून आला नाही. डॉमनिकसारख्यांनी, रांगेत अपमान गिळलेल्या बायांनी तो ओढून आणलाय. पण खिडकीतला माणूस कायदा वाचून बसत नाही. तो आपण वाचायचा आहे.

मी तपासणीच्या विरुद्ध आहे असं समजू नका. उलट. गरमी आजही आहे. आजही ती पेनिसिलिननं बरी होते, सुरुवातीच्या गरमीला एक सुई पुरते. गरोदर बाईचा रोग वेळेत कळला नि सुई मिळाली तर पोटातलं लेकरू वाचतं. तपासणी टाळणं म्हणजे मेकनच्या साहेबांचं काम आपणच आपल्या हातानं करणं. लाजेनं गप्प बसणं हेही त्यातच आलं. म्हणून तपासणी करायची. पण हिंटनच्या बाजूला उभं राहून करायची, मेकनच्या साहेबांच्या नव्हे.

ते कसं, ते साधं आहे. वस्तीतली बाई नाव घालायला जाते तेव्हा आपल्यातल्या एखाद्या ताईनं तिच्याबरोबर जावं. रक्त काढणाऱ्याला विचारावं, हे कशासाठी? कागद हातात आला की विचारावं, पहिली तपासणी आहे की पक्की? पक्की कुठं होईल? औषध कधी मिळेल? नवऱ्याची तपासणी कधी? खिडकीत कुणी मोठ्यानं वाचायला लागला तर तिथंच थांबवावं, नि त्याच्या साहेबाला लेखी द्यावं. आपल्यातल्या शिकणाऱ्या पोरापोरींनी नुसतं बीए-एमए न करता लॅबचं शिक्षण घ्यावं. हिंटननं बायांना तेच शिकवलं होतं. नळी हातात असली की कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

वैनीचा पोरगा आता शाळेत जातो. परवा तिनं पेटीतून एक घडी घातलेला कागद काढून दाखवला. दुसऱ्या तपासणीचा, निगेटिव्हचा. म्हणाली, "भावजी, मोठ्यानं वाचा की जरा." दारात चार बाया पाणी भरत होत्या. मी मोठ्यानं वाचला.

जय भीम.